व्याह्यांची सतरा वर्षं

पत्र:

ताई, माझी मुलगी पाच वर्षं शिकागोत आहे, फिजिओथेरपिस्ट आहे. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलंय. मुलगा शाळेत गणित शिकवतो, शांत आहे, व्हिडिओ कॉलवर 'नमस्कार आई' म्हणतो. कृष्णवर्णीय आहे, ते आम्ही मनाने स्वीकारलं. पण गेल्या महिन्यात मुलीने सांगितलं, त्याचे वडील ड्रग्जच्या केसमध्ये सतरा वर्षं फेडरल तुरुंगात होते. १९९९ ला आत गेले, २०१६ ला सुटले. क्रॅक की काय म्हणतात ते, ६२ ग्रॅम. त्याआधी एकविसाव्या वर्षी एकदा खिशात थोडं काही सापडलं होतं, तेव्हा तुरुंग झाला नव्हता. त्यांचा सख्खा मोठा भाऊही याच केसमध्ये होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि तो सहा वर्षांत बाहेर आला. हे खटला लढले आणि हरले. मुलगी म्हणते, धंदा मुळात भावाचा होता. मग भावाला सहा आणि यांना सतरा कशी? कोर्ट काय वेडं आहे? मुलाची आई नर्स आहे, तिनेच एकटीने त्याला वाढवलं. हे कळल्यापासून मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर तस्करांच्या घराण्यांच्या मालिका बघतेय. बाप, मुलं, भाऊ, सगळे त्यातच. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही, बीपीचा त्रास आहे. जाऊबाईंशी बोलले तर म्हणाल्या, 'असलं रक्तातच असतं.' होकार कसा देऊ? आणि त्या गृहस्थांशी बोलायचं तरी काय?
एक आई, नाशिक

उत्तर:

ताई,

'कोर्ट काय वेडं आहे?' हे तुम्ही रागाच्या भरात लिहिलंत, पण तुमचं अख्खं पत्र त्याच प्रश्नावर उभं आहे. तुमचा हिशेब असा: भावाला सहा, यांना सतरा, म्हणजे मुलगी काहीही म्हणो, मुख्य माणूस हेच. व्यवहारात असा हिशेब आपण सगळेच करतो. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात, त्यातून नव्वदीतल्या ड्रग्जच्या खटल्यात, तो बरेचदा नेमका उलटा निघतो. आधी ते सांगते, होकाराचं मग बघू.

तुमच्याकडे सध्या दागिन्यांच्या याद्या चालू असतील, म्हणून तोळ्यातच बोलू. ६२ ग्रॅम म्हणजे सहा तोळे आणि वर थोडं. एक मंगळसूत्र आणि चार बांगड्या. आता कायदा बघा. जून १९८६ मध्ये लेन बायस नावाचा मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू कोकेनमुळे गेला. बॉस्टन सेल्टिक्सने त्याला निवडून जेमतेम दोन दिवस झाले होते. देशभर हलकल्लोळ झाला, निवडणुका तोंडावर होत्या, आणि ऑक्टोबरअखेर रेगनसाहेबांची सही होऊन कायदाही आला. त्यात ठरलं ते असं: अर्धा तोळा क्रॅक, म्हणजे ५ ग्रॅम, किमान ५ वर्षं. पाच तोळे, किमान १० वर्षं. कोकेन पावडरीच्या रूपात असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम आणि ५ किलो. शंभरपट! पदार्थ एकच. पावडर सोडा घालून आटवली की खडे होतात, त्याला क्रॅक म्हणायचं. पावडर महाग, ती पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत. खडा स्वस्त, तो गरीब वस्तीच्या कोपऱ्यावर. आणि गंमत बघा, लेन बायसने घेतलं होतं ते पावडर होतं.

तेव्हा तुमच्या व्याह्यांच्या खात्यावर मांडलेले ते सहा तोळे खडे नसून पावडर असती, तर किमान शिक्षेचं हे कलम त्यांना लागलंच नसतं. दोन-चार वर्षांत माणूस घरी आला असता.

तुम्ही लिहिलंय, 'कृष्णवर्णीय आहे, ते आम्ही मनाने स्वीकारलं.' ते वाक्य एकदा शांतपणे परत वाचा, बाकी मी काही बोलत नाही. पण एवढं ठाऊक असू द्या, क्रॅकच्या फेडरल खटल्यांत शिक्षा झालेल्यांत वर्षानुवर्षं शंभरातले ऐंशीच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते. ज्या वस्तीत तुमचा जावई वाढला, तिथे बाप आत असलेलं घर म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नसणार.

बरं, पाच तोळ्यांच्या वर म्हणजे १० वर्षं. पण सतरा वर्षं भोगली म्हणजे मूळ शिक्षा २० ची असणार, तो हिशेब पुढे सांगते. मग ती २० कुठून आली? ती एकविसाव्या वर्षीच्या खिशातून. तेव्हाचा नियम असा: ड्रग्जचा आधीचा गुन्हा असेल आणि सरकारी वकिलाने तशी नोटीस कोर्टात दाखल केली, की किमान शिक्षा दुप्पट. नोटीस द्यायची की नाही, ही सर्वस्वी सरकारी वकिलाची मर्जी. एकदा ती दिली की न्यायाधीशाचे हात बांधलेले. समोरच्या माणसाला दोन लेकरं आहेत, त्याने हत्यार धरलं नव्हतं, तो भावाच्या सांगण्यावरून पुड्या पोचवायचा, यातलं काहीही विचारात घेऊन २० च्या खाली येता येत नाही. ब्रुकलिनचे फेडरल न्यायाधीश जॉन ग्लीसन यांनी २०१३ मधल्या एका निकालपत्रात हे उघड लिहिलं, की सरकारी वकील ही नोटीस आरोपीकडून कबुली काढून घेण्यासाठी धाक म्हणून वापरतात. कबूल करतोस तर नोटीस नाही, लढतोस तर दुप्पट. म्हणून तिकडे लढतं कोण? फेडरल कोर्टातल्या शंभर शिक्षांमागे ९७ कबुलीच्या असतात, हा आकडा खुद्द तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोंदवलाय. तुमचे व्याही उरलेल्या तिघांतले.

आता थोरल्या भावाचं. किमान शिक्षेच्या खाली उतरायची तिकडे सगळ्यात मोठी शिडी म्हणजे सरकारला मदत करणं. आपल्या भाषेत माफीचा साक्षीदार, फक्त तिकडे पूर्ण माफी क्वचितच, शिक्षेत सूट मिळते. सूट द्यावी असा अर्जही सरकारी वकिलानेच करायचा. आणि मदत म्हणजे माहिती. ज्याच्याकडे जास्त नावं, जास्त फोन नंबर, जास्त गोदामांचे पत्ते, त्याला जास्त सूट. धंदा ज्याचा, त्याच्यापाशी विकायला भरपूर असतं. पुड्या पोचवणाऱ्याला एकच नाव माहीत असतं, सख्ख्या भावाचं, आणि भावाने तोवर ह्याचंच नाव देऊन टाकलेलं असतं.

तुम्ही रात्री ज्या मालिका बघता त्यात शिकागोच्याच फ्लोरेस जुळ्यांची गोष्ट आली असेल. पेद्रो आणि मार्गारितो. वडील आधीपासून याच धंद्यात. ही पोरं विशी-पंचविशीत मेक्सिकोतल्या सिनालोआच्या टोळीकडून महिन्याला दीड-दोन हजार किलो कोकेन उचलत होती, तेही उधारीवर. २००८ मध्ये दोघं सरकारच्या बाजूने गेले. पेद्रोने त्या टोळीचा म्होरक्या एल चापो गुझमान याचं फोनवरचं बोलणं स्वतः रेकॉर्ड करून दिलं. जानेवारी २०१५ मध्ये दोघांना शिक्षा झाली, प्रत्येकी १४ वर्षं. न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं, मदत केली नसती तर जन्मठेप दिली असती. त्या मदतीची किंमतही त्यांनी मोजली, नाही असं नाही. २००९ मध्ये वडील मेक्सिकोत परत गेले, त्यांचं अपहरण झालं, मारलेच गेले असं धरलं जातं. २०२१ मध्ये दोघांच्या बायकांवरही ड्रग्जचा पैसा दडवल्याचा खटला आला. तरी तराजू डोळ्यांसमोर धरून बघा. एकीकडे ट्रकने आलेला माल आणि १४ वर्षं. दुसरीकडे सहा तोळे आणि २०. यावरून वाईट माणूस कोण ते ठरवायला गेलात तर काय उत्तर येईल?

आणखी एक नाव सांगते, केम्बा स्मिथ. व्हर्जिनियातली कॉलेजची मुलगी. प्रियकर क्रॅकचा धंदा करायचा, तिला मारायचा. तिने स्वतः माल विकलेला नव्हता. पण १९८८ मध्ये नुसत्या कटालाही तीच किमान शिक्षा लावणारी दुरुस्ती झाली होती. कटात सामील म्हटल्यावर अख्ख्या टोळीचा २५५ किलो माल तिच्या खात्यावर मांडला गेला. शिक्षा झाली, साडेचोवीस वर्षं. तोवर प्रियकराचा खून झालेला, म्हणजे जे काही सांगण्यासारखं तिच्यापाशी होतं ते कोणालाच नको होतं. मूल झालं ते कोठडीत असताना. डिसेंबर २००० मध्ये क्लिंटन यांनी शिक्षा कमी केली म्हणून सुटली. तेव्हा तुमच्या व्याह्यांच्या कागदावर ६२ ग्रॅम लिहिलेले असले, तरी ते त्यांच्याच खिशात होते की भावाच्या फ्रीजमागे, हे त्या आकड्यावरून कळणार नाही.

मी वकिली केली ती मुंबईच्या सत्र न्यायालयात, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, खास कोर्टात. आपल्याकडेही सारं काट्यावरच तोललं जातं. कोकेन १०० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, किमान १० वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण. एकदा मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर मुद्देमालाचे नमुने काढत होते. लाखेचं सील फोडलं, प्लास्टिकची पिशवी सोन्याचांदीच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर ठेवली. माझी अशील, धुण्याभांड्याची कामं करणारी बाई, पोलिसाच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. घरी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. काट्यावरच्या त्या आकड्याने तिचं काय होणार ते तिच्या गावीही नव्हतं. मी आकडा बघितला आणि फाईल चाळण्याचं सोंग केलं. म्हणून सांगते, ग्रॅम आणि वर्षं यांवरून माणूस ओळखायला मी त्या दिवसापासून भिते.

पण हेही ऐका. तुमचे व्याही निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. मला काय माहीत? पुड्या पोचवल्या असतील, विकल्याही असतील, आणि क्रॅकने त्या वस्त्यांची जी दैना केली त्यात त्यांचा वाटा असेल. मी एवढंच म्हणते, की 'सतरा वर्षं' या दोन शब्दांतून ते कळत नाही. ते कळायला दुसरे कागद लागतात. तिकडे निकालाचा एक फॉर्म असतो, शिक्षा महिन्यांत लिहितात, त्यावर '२४० महिने' असं असेल. पॅरोल म्हणून काही नाही, १९८७ च्या नोव्हेंबरनंतरच्या फेडरल गुन्ह्यांना तो बंदच झाला. चांगल्या वागणुकीची सूट धरून वीसाची साडेसतरा होतात. तुमचा हिशेब तिथे जुळतो. त्या फॉर्मवर बघायचं ते शेजारचं कलम. बंदूक बाळगल्याचं वेगळं कलम आहे का? मारहाण, धमकी, लहान पोरांना कामाला लावणं? तसलं काही असेल तर मला परत लिहा, मग आपण वेगळं बोलू. नुसतं वजन आणि कट असेल, तर माझं मत मी वर सांगितलंच आहे. हे कागद ऑनलाइन विकत मिळतात म्हणून चोरून मागवायच्या फंदात मात्र पडू नका. मुलाला सांगा, 'मला वाचायचंय.' सतरा वर्षं ते घर त्या कागदांसोबतच जगलंय, लपवण्यासारखं आता काय राहिलं असणार?

कायदा पुढे बदलला, तेही जाता जाता सांगते. २०१० मध्ये शंभरपट होतं ते अठरापट केलं. आज ६२ ग्रॅमला किमान ५ वर्षं बसतात, आणि ती दुप्पट करायला तुरुंग न झालेला जुना गुन्हा २०१८ नंतर धरलाच जात नाही. पण २०१० ची सुधारणा आधी शिक्षा झालेल्यांना लागू व्हायला डिसेंबर २०१८ उजाडलं. तुमचे व्याही २०१६ ला शिक्षा पुरी करून बाहेर आलेले होते.

आता जाऊबाईंचं रक्त. या धंद्यात घराणी का दिसतात? इथे करारपत्र नाही, चेक नाही, पैसे बुडवले तर कोर्टात वसुली नाही. कोट्यवधींचा माल उधारीवर द्यायचा तर जामीन कोण? भाऊ, मेहुणा, मुलगा. आपल्याकडच्या अडतीवर नाही का गल्ल्यावर पुतण्याच बसतो. त्यात रक्ताची काही करामत नाही, विश्वासाची सोय आहे. आणि ती सोयही किती टिकते? एल चापोच्या खटल्यात न्यूयॉर्कला त्याचा जोडीदार एल मायो झांबादा याचा सख्खा भाऊ आणि सख्खा मुलगा, दोघंही सरकारतर्फे साक्षीला उभे राहिले. मुलगा विसेन्ते, टनावारी माल हलवल्याची कबुली दिलेला, त्याला २०१९ मध्ये शिक्षा झाली ती फक्त १५ वर्षं. मालिकेत हे भाग शेवटी येतात, तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि आपल्याला फक्त सोन्याचं पिस्तूल लक्षात राहतं. तुमच्या जावयाच्या घरात रक्तातून काय आलं असेल ते मला दिसतं ते असं: मुलगा लहान असताना बाप तुरुंगात गेला, आई रात्रपाळ्या करत राहिली, आणि पोरगा गणिताचा मास्तर झाला.

ह्यांना न सांगण्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेय, खरंच. बीपीची गोळी चालू आहे ना? मग सांगा. मुलीने तुम्हाला विश्वासाने सांगितलं, तुम्ही ते जाऊबाईंना सांगितलंत आणि नवऱ्याला नाही. उद्या जाऊबाईंकडून त्यांच्या कानावर गेलं तर बीपी वाढेल ते या लपवालपवीने. बाकीच्या भावकीला सांगायची गरज नाही. कोणी विचारलंच तर 'व्याही निवृत्त आहेत' म्हणावं, कोणी अधिक विचारलं तर खरं सांगावं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. लग्न नाशिकला करणार असाल तर दोन ठिकाणी अडेल. अशा शिक्षेनंतर सुटल्यावरही देखरेखीचा काळ असतो, त्यांच्या बाबतीत बहुधा किमान १० वर्षांचा. तो संपला की नाही, लवकर संपवून घेतला की कसं, ते विचारा. चालू असेल तर देशाबाहेर पडायला परवानगी लागेल. आणि भारताच्या व्हिसाच्या अर्जात कुठल्याही देशात अटक वा शिक्षा झाली आहे का असा सरळ प्रश्न असतो. तिथे खरंच लिहायचं. त्यामुळे व्हिसा लांबला तर मुहूर्त पुढे ढकला, किंवा लग्न शिकागोला करा आणि इथे फक्त स्वागत समारंभ. हॉलचा अॅडव्हान्स मात्र आत्ताच भरू नका.

मुलीच्या ग्रीन कार्डाची काळजी तुम्ही पत्रात केलेली नाही, पण मनात असेल. अमेरिकन नागरिकाशी लग्न केल्यावर सासऱ्याची जुनी शिक्षा सुनेच्या अर्जात सहसा आड येत नाही, तरी एकदा तिथल्या वकिलाला भेटू दे. तिला एक मात्र बजावून सांगा. शिकागोत २०२० पासून गांजा दुकानात राजरोस मिळतो, राज्याचा कायदा तसा आहे. केंद्राचा कायदा अजून नाही म्हणतो, आणि परदेशी नागरिकाचे कागद केंद्राकडे असतात. मित्रांच्या पार्टीत एक झुरका मारला आणि मुलाखतीत तो कबूल केला, तर सासऱ्याच्या २४० महिन्यांनी होणार नाही तेवढं नुकसान त्याने होईल. सासरेबुवा तिला हे माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

राहिलं बोलायचं काय ते. 'तुम्ही खरंच केलं होतं का' यापासून सुरू करू नका, तो प्रश्न त्यांना बारा लोकांच्या ज्युरीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. भावाबद्दल विचारलंत तरी चालेल, पण थांबून. आज ते दोघं बोलतात का, एवढंच. त्या उत्तरावरून तुम्हाला माणूस बराचसा कळेल.

आणि पहिला फोन त्यांना करूच नका. तो विहीणबाईंना करा. रविवारी संध्याकाळी सातला, उन्हाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. तेव्हा फेडरल तुरुंगातून महिन्याला ३०० मिनिटं बोलता यायचं, आणि पंधरा मिनिटं झाली की फोन आपोआप कट व्हायचा. त्या बाईने कित्येक वर्षं संसार त्या पंधरा-पंधरा मिनिटांत केलाय. पोराची प्रगतिपुस्तकं, घरभाडं, सासूचं आजारपण, सगळं. मुलीला शेजारी बसवा म्हणजे इंग्रजीची अडचण येणार नाही. कुंडलीचं वगैरे आत्ता नको. त्यांना विचारा, त्या काळात मुलाला कोण सांभाळायचं, भेटीला कसे जायचात, किती लांब होतं. तुम्हीही तुमचं सांगा. घाई करू नका, त्यांना बोलू द्या.